वारा अंगावर घेणारी

२ ऑक्टोबर २०२१ रोजी उत्तर फ्रान्समधल्या रूबे शहराच्या उघड्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या गोलाकार मैदानावर, लिझी डेग्नन ही ब्रिटिश सायकलपटू एकटीच शिरली, तेव्हा तिच्या हँडलवरच्या पट्टीला रक्त लागलेले होते. पॅरिस–रूबे ही शर्यत पुरुषांसाठी १८९६ पासून होत आली आहे आणि स्त्रियांसाठी ती त्या दिवशी, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, पहिल्यांदा झाली. ११६ किलोमीटरची शर्यत, पावसाने चिखल झालेला, आणि मधले कित्येक तुकडे शेतांमधून जाणाऱ्या, ओबडधोबड दगड बसवलेल्या जुन्या रस्त्यांचे. त्यातले शेवटचे ऐंशीहून अधिक किलोमीटर तिने कोणाच्याही आडोशाशिवाय, एकटीने कापले. हातात मोजे नव्हते. दगडांच्या हादऱ्यांनी तळहात सोलवटले होते, आणि अंतिम रेषा ओलांडून तिने सायकल उचलली तेव्हा ते साऱ्या जगाने पाहिले.

मला या शर्यतीतली सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र तिच्या हातांची नाही. त्या दिवशी संघाची प्रमुख सायकलपटू डेग्नन नव्हतीच. एलिसा लोंगो बोर्गिनी आणि एलेन व्हान डाइक या सहकारी जिंकाव्यात म्हणून पहिल्या दगडी तुकड्याआधी पुढे राहायचे, मागच्यांना ताण द्यायचा आणि काम झाले की मागे सरायचे, एवढेच तिच्या वाट्याला आले होते. ती पुढे गेली, वळून पाहिले तर मागे कोणी नव्हते, आणि मग तिने थांबायचे कारण उरले नाही. पहिल्या क्रमांकाचे तिचे बक्षीस होते १,५३५ युरो. दुसऱ्या दिवशी तीच शर्यत जिंकणाऱ्या पुरुषाला ३०,००० युरो मिळाले. मधली तफावत तिच्या संघाने स्वतःच्या पदरातून भरून काढली, हे त्या संघाला शोभून दिसले. पण भरून काढावी लागली, हेही विसरता येत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आमच्या गल्लीत दुपारी दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन बसत, ओलसर केलेले तेंदूचे पान कात्रीने कापीत, चिमूटभर तंबाखू भरून बिडी वळीत आणि दोऱ्याने बांधीत. हजारावर मजुरी असे. संध्याकाळी कारखान्यात माल दिला की तिथला माणूस त्यातल्या काही बिड्या छाटून बाजूला टाकी, आणि त्या छाटलेल्या बिड्यांचा वेळ कोणाच्याच हिशेबात येत नसे. टॉवेलच्या काठाला शिलाई घालणाऱ्या बायकांचा हिशेब डझनावर. त्यामुळे असेल कदाचित, पण कोणत्याही बाईच्या कर्तबगारीची बातमी वाचली की माझे लक्ष पदकाआधी मजुरीकडे जाते. ती काय करते, त्यातले किती मोजले जाते, ते पैसे कोण देते, आणि हे किती वर्षे चालू शकते, हे प्रश्न मला सायकलपटूच्या बाबतीतही तितकेच खरे वाटतात. आपल्याकडे खेळाडूविषयी लिहिताना जिद्द आणि स्वप्न यांच्यावर पानेच्या पाने खर्ची पडतात. तिच्या पगारावर एक ओळही येत नाही.

डेग्ननचे माहेरचे नाव आर्मिटस्टेड. यॉर्कशायरमधल्या ऑटली या छोट्या गावातली ही मुलगी, शाळेत आलेल्या ब्रिटिश सायकलिंगच्या निवड पथकाच्या नजरेस पडली आणि पुढचे शिक्षण तिचे ट्रॅकवर झाले. ट्रॅकवरची सायकल पाहिलेली नसेल तर तिची कल्पना येणे अवघड आहे. तिला ब्रेक नसतात. गिअर एकच, आणि तोही असा जखडलेला की चाक फिरते आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. उतारावर पाय स्थिर ठेवून सायकल सोडून देण्याची जी सवय आपल्या सगळ्यांना असते, ती इथे केली तर सायकलच माणसाला उडवून देईल. बंदिस्त वेलोड्रोममधला लाकडी ट्रॅक सहसा २५० मीटरचा असतो आणि वळणावर तो चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत, कुठे त्याहूनही जास्त कललेला असतो. खाली उभे राहून पाहिले तर तो रस्ता वाटत नाही, भिंत वाटते. वेग कमी झाला की त्या भिंतीवरून घसरायला होते. त्यामुळे तिथे सुरक्षितता वेगातच असते, आणि नव्या मुलीला हे शरीराला पटवून द्यायला फार दिवस लागतात.

सांघिक परस्यूट, म्हणजे संघाने मिळून कमीत कमी वेळात अंतर कापायचे, या प्रकारात त्या काळी स्त्रियांचा संघ तिघींचा आणि अंतर तीन किलोमीटरचे असे. आता चौघी आणि चार किलोमीटर असतात. एकामागे एक, चाकाला चाक लागेल इतक्या जवळून जायचे. पुढची दमली की ती वळणावर वर चढते, बाकीच्या खालून पुढे सरकतात, आणि ती पुन्हा उतरून शेवटच्या चाकामागे बसते. हा बदल अर्ध्या हाताने चुकला तरी शर्यत गेली. वेळ मोजला जातो तो तिसरीचे चाक रेषेवर आल्यावर, म्हणजे पहिली कितीही दमदार असली तरी तिसरी मागे पडली तर उपयोग शून्य. २००९ मध्ये पोलंडमधल्या प्रुश्कुफ इथे आर्मिटस्टेड, जोआना रोझेल आणि वेंडी हूव्हेनाघेल यांनी याच प्रकाराचे जागतिक विजेतेपद मिळवले. ती तेव्हा वीस वर्षांची होती.

इथून पुढे तिने जो निर्णय घेतला तो मला तिच्या कोणत्याही विजयाहून मोठा वाटतो. लंडन ऑलिंपिक घरच्या मैदानावर होते, ब्रिटनचा ट्रॅक संघ जगात बलाढ्य होता, सरकारी लॉटरीचा पैसा ट्रॅककडे वाहत होता. तिथे राहणे हा शहाणपणाचा मार्ग होता. तिने रस्ता निवडला. २०१२ मध्ये तिच्या जुन्या जोडीदारीण रोझेलच्या संघाने परस्यूटचे सुवर्ण जिंकले. आर्मिटस्टेड त्याच ऑलिंपिकमध्ये २९ जुलैला मुसळधार पावसात रस्त्यावरच्या शर्यतीत शेवटच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये नेदरलँड्सच्या मारियान फोसच्या मागे पडली आणि रौप्य घेऊन आली. यजमान देशाचे ते त्या स्पर्धेतले पहिले पदक होते. पदक गळ्यात असताना, म्हणजे बोलायचे टाळणे सर्वांत सोयीचे असते त्या घडीला, पत्रकारांसमोर ती स्त्रियांच्या सायकलिंगला मिळणाऱ्या दुजाभावाविषयी आणि तुटपुंज्या पैशांविषयी स्पष्ट बोलली.

तिच्या बोलण्याला अनुभवाचा आधार होता. २०११ च्या अखेरीस तिच्या संघाने स्त्रियांचे पथक बंद केले. २०१२ मध्ये ती ज्या संघात गेली तोही वर्षाअखेर गुंडाळला गेला. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर कुशल हातांचे काय होते हे आम्ही घराघरात पाहिले आहे. कसब तेच, अंगातली ताकद तीच, पण मालक उठला की माणूस उघड्यावर.

रस्त्यावरच्या शर्यतीची बाहेरून दिसणारी गोष्ट म्हणजे शंभर-सव्वाशे सायकलींचा घोळका आणि शेवटी हात वर करणारी एक बाई. आतली गोष्ट वाऱ्याची आहे. सपाटीवर वेगाने जाताना सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि दुसऱ्या सायकलच्या मागे चिकटून गेल्यास त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वाचू शकतो. म्हणून संघातल्या सहापैकी पाच जणी दिवसभर सहावीसाठी वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीकडे जाऊन जर्सीत कोंबून पाण्याच्या बाटल्या आणतात, प्रमुख सायकलपटूचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देतात. निकालाच्या यादीत या बायका साठाव्या, ऐंशीव्या दिसतात, किंवा काम झाल्यावर शर्यत सोडून दिलेल्या असतात. त्यांच्या कारकिर्दीत विजयांची संख्या शून्य असू शकते आणि तरी त्या आपल्या कामात जगातल्या उत्तम असू शकतात.

हे मी पुस्तकापेक्षा विजापूर रस्त्यावर जास्त शिकले. आमच्याच भागातली एक मुलगी सायकलिंग करते. पहाटे अंधारात ती बाहेर पडते तेव्हा कोणीतरी मागे असावे म्हणून मी स्कूटी घेऊन जाते. गाळपाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि ढाब्यांवरची कुत्री या दोन गोष्टींसाठी हे आवश्यक असते. मे महिन्यात आठ वाजायच्या आत परत यावे लागते, कारण त्यानंतर डांबराचा ताव अंगावर येतो. पण सोलापूरचा खरा वर्ग जुलैत भरतो. पाऊस नावालाच, आणि पश्चिमेचा वारा मात्र दिवसभर उघड्या माळावरून सुटलेला असतो. विजापूर रस्ता दक्षिणेकडे जातो, म्हणजे जाताना हा वारा उजवीकडून कुशीत येतो. अशा वेळी थेट मागे राहून आडोसा मिळत नाही. पुढच्याच्या डाव्या अंगाला, थोडे मागे, असे तिरके राहावे लागते. ती आणि तिच्याबरोबर सराव करणारी तीन मुले अशी तिरकी ओळ धरतात, आणि चौथा जो असतो तो पार रस्त्याच्या कडेच्या खडीवर जातो, त्याला आडोसाही नाही आणि जागाही नाही. येताना वारा डावीकडून असतो, तेव्हा हीच ओळ रहदारीच्या बाजूला उलगडेल, म्हणून त्यांचे प्रशिक्षक परतीला एकेरी रांगच धरायला लावतात आणि मग सगळ्यांनाच वारा खावा लागतो. युरोपात याच तिरक्या रांगेवरून अर्ध्या शर्यती ठरतात. एकदा ती मला म्हणाली, "काकू, चढाला पाय भरतात, ते कळतं ओ. वाऱ्यात डोकंच दमतं. किती वेळ राहायचं पुढं, तेच कळत नाही."

तिच्या आईने एका संध्याकाळी सुपावरची मान न उचलता मला विचारले, "जो पुढं राहून वारा घेतो, त्याला पैसे जास्ती देत असतील की ओ?" मी सांगितले, नाही, कमी देतात. तिने दोरा दाताने तोडला आणि बिडी बाजूच्या ढिगात टाकली. पुढे काही बोलली नाही.

हा प्रश्न युरोपातल्या सायकलपटूंनाही पडलाच होता. २०१७ च्या अखेरीस इरिस स्लापेन्डेल, ग्रेसी एल्विन आणि कार्मेन स्मॉल या तिघींनी स्त्री सायकलपटूंची संघटना उभी केली. करार वाचून देणे, थकलेला पगार मागणे, कायद्याचा सल्ला देणे, अशी तिची कामे एखाद्या कामगार युनियनलाच शोभणारी. २०२० पासून सायकलिंगच्या जागतिक संघटनेने सर्वोच्च दर्जाच्या स्त्रियांच्या संघांना किमान वेतन लागू केले: वर्षाला १५,००० युरो. ते २०२१ मध्ये २०,००० आणि २०२३ पर्यंत ३२,००० च्या वर गेले. त्याआधी ऑलिंपिकला जाणाऱ्या कित्येक बायकांनाही एका हाताला दुसरी नोकरी धरून सराव करावा लागे. किमान वेतनाचा हा आकडा मला पॅरिस–रूबेच्या विजयचिन्हाहून महत्त्वाचा वाटतो, कारण विजयचिन्ह एकीला मिळते आणि वेतन वारा घेणाऱ्या पाचही जणींना. मात्र तो नियम सुरुवातीला वरच्या दर्जाच्या संघांपुरताच होता. अगदी खालच्या दर्जाच्या संघांमधल्या कित्येक मुली आजही जवळजवळ फुकट पाय मारतात, आणि हे चांगले नाही.

त्याच नियमांत पगारी प्रसूती रजाही आली. डेग्ननला तिची वाट पाहायला वेळ नव्हता. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडला ती रस्त्यावरची जागतिक विजेती झाली होती, २०१६ मध्ये तिने बेल्जियममधली फ्लँडर्सची शर्यत जिंकली होती. २०१८ मध्ये ती गरोदर असतानाच एका नव्या संघाने तिच्याशी करार केला. सप्टेंबरात मुलगी झाली, पुढच्या एप्रिलमध्ये ती शर्यतीत उतरली, आणि रूबेचा तो विजय बाळंतपणानंतरचा आहे. पुढे दुसरे मूल, पुन्हा पुनरागमन, आणि २०२५ मध्ये तिसऱ्या मुलाच्या चाहुलीबरोबर निवृत्ती. आपल्याकडे "लग्न झालं, आता सायकल कसली" हे वाक्य ज्या सहजतेने बोलले जाते, त्याच्याशेजारी हा क्रम ठेवून पाहावा.

तिच्या कारकिर्दीत एक कटू प्रकरणही आहे आणि ते टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. वरच्या दर्जाच्या खेळाडूला आपण रोज कोणत्या एका तासाला कुठे असू हे आधी कळवावे लागते, म्हणजे उत्तेजक चाचणीचे पथक न सांगता येऊ शकते. बारा महिन्यांत तीनदा चुकामूक झाली तर बंदीची कारवाई होते. तिच्या तीन चुकामुकी झाल्या; त्यातली एक क्रीडा लवादाने तिचे म्हणणे मान्य करून रद्द केली आणि ती २०१६ च्या ऑलिंपिकला गेली. तिच्यावर टीका झाली, सहकाऱ्यांनीही केली. ती निर्दोष ठरली हे खरे, आणि बाकीच्या चुकामुकींची जबाबदारी तिची होती हेही खरे. मला त्यातून दिसते ते इतकेच, की ही नोकरी घरी आल्यावर संपत नाही. पहाटेच्या झोपेचा पत्तासुद्धा कार्यालयात नोंदवलेला असतो.

जिने लंडनमध्ये तिला मागे टाकले त्या मारियान फोसशिवाय हा विषय पुरा होत नाही. फोसने २००८ मध्ये बीजिंगला ट्रॅकवरच्या पॉइंट्स रेसचे, म्हणजे ठराविक फेऱ्यांना गुण मिळवायच्या शर्यतीचे, सुवर्ण जिंकले आणि चार वर्षांनी रस्त्यावरचे. चिखलातून, खांद्यावर सायकल घेऊन पळाव्या लागणाऱ्या सायक्लोक्रॉसची ती आठ वेळा जागतिक विजेती. पण तिच्या कारकिर्दीतला मला सर्वांत भावलेला भाग हा पराभवाचा आहे: २००६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी रस्त्यावरची जगज्जेती झाल्यावर २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे ती जागतिक स्पर्धेत दुसरी आली. दर वर्षी कोणी ना कोणी तिच्या पुढे गेले. सहाव्या वर्षी, २०१२ मध्ये, ती स्वतःच्या देशात जिंकली. २०१३ मध्ये तिने इतर तिघींबरोबर स्त्रियांसाठी टूर द फ्रान्स ही अनेक टप्प्यांची शर्यत व्हावी म्हणून जाहीर मागणी केली, तिला जवळजवळ एक लाख लोकांनी सह्या दिल्या. आयोजकांनी २०१४ मध्ये एका दिवसाची शर्यत दिली, ती फोसनेच जिंकली. पूर्ण आठ दिवसांची टूर सुरू व्हायला २०२२ उजाडले. तोवर त्या मागणीवर सही करणाऱ्या कित्येकींचे शर्यतीचे वय निघून गेले होते. फोस मात्र तिथे होती, तिने दोन टप्पे जिंकले आणि एकूण वेळात आघाडीवर असणारीला मिळणारी पिवळी जर्सीही घातली.

भारतात हा रस्ता ट्रॅकवरून सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला २५० मीटरचा लाकडी वेलोड्रोम आहे आणि राष्ट्रीय शिबिरे तिथे होतात. अंदमान-निकोबारची डेबोरा हेरोल्ड, जी लहानपणी २००४ च्या त्सुनामीतून झाडाच्या आधाराने वाचली, ती याच व्यवस्थेतून आशियातल्या आघाडीच्या स्प्रिंटर्समध्ये पोहोचली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या ट्रॅक संघात महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे होत्या. याच स्पर्धेत आपल्या मीनाक्षीचा स्क्रॅच शर्यतीत, म्हणजे सगळ्यांनी एकत्र सुटायच्या शर्यतीत, अपघात झाला. ती खाली पडली आणि ब्रेक नसलेली मागची सायकल तिच्या अंगावरून गेली. ती सावरली आणि पुढेही शर्यतीत उतरली. रस्त्यावर मात्र भारतीय मुलीला वर्षभर पगार देणारा, तिला शर्यतींमागून शर्यतींना नेणारा संघ जवळपास नसतोच, त्यामुळे वारा कोणासाठी घ्यायचा हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्येक जण स्वतःसाठी एकटी असते.

सोलापुरात वेलोड्रोम नाही. ट्रॅकचा सराव म्हणजे पुण्याला बालेवाडी, आणि बालेवाडी म्हणजे पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस, चाके काढून पिशवीत भरलेली सायकल आणि डब्यातल्या प्रवाशांचे "हे काय आहे?" तिथला ट्रॅक सिमेंटचा आणि उघड्यावरचा. मी तिच्याबरोबर गेले होते तेव्हा तिने आधी कितीतरी फेऱ्या खालच्या सपाट पट्टीवरूनच मारल्या, मग हळूहळू निळ्या रेषेपर्यंत चढली, आणि एका फेरीत वळणाच्या माथ्यावरून खाली झेपावली तेव्हा चाकांचा आवाज बदलला. परतीच्या गाडीत तिने मला तळवे दाखवले. घट्ट धरल्यामुळे ते लाल झाले होते. रस्त्यावर आपण हँडल इतके घट्ट धरत नाही, हे तिला तिथे जाणवले, आणि खांदे सैल ठेवायचा सराव तिने दुसऱ्याच दिवशी विजापूर रस्त्यावर सुरू केला.

तिच्या आईला मी फोसचे वय सांगितले. २०२५ च्या जुलैमध्ये टूरचा पहिला टप्पा जिंकून तिने पुन्हा पिवळी जर्सी घातली तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. आईने लेकीकडे पाहिले, मनातल्या मनात हिशेब केला आणि विचारले, "मग तवर हिला पगार कोण देणार?" खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेची जागा निघाली तर अर्ज करायचा, हे आम्ही ठरवले आहे, सोलापूर हे रेल्वेचे विभागीय ठिकाण असल्याने आमच्याकडे या नोकरीचा मान मोठा आहे. त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेत वरचा क्रमांक लागेल, त्या क्रमांकासाठी बालेवाडीच्या फेऱ्या वाढवाव्या लागतील, आणि फेऱ्यांचा खर्च सध्या सुपातून येतो. नवी टायरची जोडी घ्यायची की पुण्याची तिकिटे काढायची, यावर काल बराच वेळ बोलणे झाले. तिकिटे काढायची ठरली. टायर अजून एक महिना चालतील असे तिचे म्हणणे आहे.